मास्तर बसल्या जागी धावले

मास्तरांना चालण्याचं वावडं नव्हतं, विनाकारण चालण्याचं होतं. दुकानातून उठून कोपऱ्यावरच्या बेकरीत चहा प्यायला जायचं, एवढीच त्यांची दिवसाची पायपीट, तीही कुणी चहा आणून देणारं भेटलं नाही तर. एकोणचाळीस वर्षं त्यांचे पाय शिलाई मशीनच्या पायडलवर खालीवर होत राहिले, पण मास्तर काही जागचे हलले नाहीत.

शिवण मात्र अशी, की उलटं करून घातलं तरी कुणाला कळू नये. खोट एकच, वेळेची. गिऱ्हाईक आलं की मास्तर गोड हसून म्हणत, "उद्या या." हा उद्या कधी उजाडणार हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसे. एका बाईंनी मुलगा पहिलीत गेला तेव्हा शर्ट शिवायला टाकला होता. शर्ट मिळाला तेव्हा मुलगा पाचवीत होता आणि धाकटा पहिलीत. "बघा, अंगाबरोबर बसला की नाही? कापड वाया गेलं का?" मास्तरांनी उलट त्यांनाच विचारलं.

दुकानामागच्या दोन खोल्यांत मास्तर, त्यांची थोरली बहीण आणि भाची अशी तिघं राहत. मास्तरांचं लग्नाचं वय दुसऱ्यांच्या लग्नाचे कपडे शिवण्यात निघून गेलं होतं. ताई एक्काहत्तर वर्षांची. जीभ दुकानातल्या मोठ्या कात्रीसारखी, आणि कॅरमवरचा नेम त्याहून धारदार. चार किलोमीटरवरच्या ज्येष्ठांच्या केंद्रात ती रोज कॅरम खेळायची आणि कुणाला जिंकू द्यायची नाही. पण केंद्र पहिल्या मजल्यावर. सव्वीस पायऱ्या. ताईच्या गुडघ्यांनी त्या पायऱ्यांशी कायमचं भांडण केलं, आणि आठ महिने ताई घरात बसली. तिच्यामागे एका निवृत्त बँक मॅनेजरनी स्वतःला केंद्राचा विजेता जाहीर करून टाकलं. गुडघ्यांपेक्षा ताईला हे जास्त दुखत होतं.

भाची त्याच केंद्रात म्हाताऱ्यांचा व्यायाम घ्यायची. हिवाळ्याच्या तोंडाशी एक दिवस ती नवंच खूळ घेऊन घरी आली.

"मामा, आभासी दौड आहे. चांगल्या कामासाठी. आपण आपल्या गल्लीत धावायचं, चाललं तरी चालतं. मनगटावरचा पट्टा अंतर मोजतो, आणि फोनमधल्या नकाशावर आपला ठिपका समुद्रापासून बर्फाच्या डोंगराकडे सरकतो."

"म्हणजे घाम इथं गाळायचा आणि पोहोचायचं तिथं?"

"हो."

"मग तिथली हवा कुणी खायची?"

"मामा, ऐका तरी! पाच जणांचा संघ, साठ दिवस, प्रत्येकी तीनशे किलोमीटर. पुरे झाले की एक कंपनी आपल्या केंद्राला लिफ्ट बसवून देणार आहे. पण एकाचाही आकडा कमी पडला, किंवा खोटा निघाला, तर सगळा संघ बाद."

चार जण ठरले होते. भाची स्वतः, बेकरीवाला, पोस्टमन आणि शाळेतल्या बाई. पाचवा गडी मिळेना. भाचीने मामाकडे पाहिलं. मामाने छताकडे पाहिलं. ताई काहीच बोलली नाही. ताई बोलते तेव्हा मास्तर टीप मारत राहतात, पण ती गप्प बसली की त्यांची टीप वाकडी जाते.

"लिही माझं नाव," मास्तर म्हणाले.

भाचीने त्यांना पांढरेशुभ्र बूट आणून दिले. पहिल्या दिवशी मास्तर ते घालून कोपऱ्यापर्यंत गेले. बेकरीवाला दारातच उभा होता.

"काय मास्तर, दिसायला लागला का बर्फाचा डोंगर?"

"तुझ्या पोटाआड दडलाय. जरा बाजूला हो," असं म्हणून मास्तर परत फिरले, आणि बूट खोक्यात ठेवून मशीनवर बसले. शाळेचे दोनशे चाळीस गणवेश शिवायचे होते. त्यात मनगटावरचा तो पट्टा कापडाला अडकायचा, दोरा ओढायचा. दोनदा दोरा तुटल्यावर मास्तरांनी पट्टा काढला आणि हरवू नये म्हणून पायाच्या घोट्यावर बांधला. पायडल सुरू झालं, आणि मास्तर पट्टा विसरून गेले.

संध्याकाळी केंद्रातून भाचीचा फोन आला. ती नुसती ओरडत होती. "मामा! एकवीस किलोमीटर! पहिल्याच दिवशी!"

मास्तरांनी घोट्याकडे पाहिलं. मग पायडलकडे पाहिलं. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलंसुद्धा होतं. पण फोनमधला तो आरडाओरडा मागच्या खोलीपर्यंत पोहोचला होता, आणि तिथून ताईचा आवाज आला, "कोण म्हणतं माझा भाऊ आळशी आहे?"

म्हणायची तीच. पण तिच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मास्तर त्रेसष्ट वर्षं थांबले होते. त्यांनी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा घोट्यावर चढला, आणि या वेळी तो विसरून चढला नव्हता. शर्टाच्या दिवशी पंधरा किलोमीटर व्हायचे, पँटच्या दिवशी वीस. केंद्राचे पडदे शिवले त्या दिवशी तर लांबच लांब सरळ टीप, मास्तरांनी एकतीस किलोमीटर मारले आणि वर एक डुलकीही काढली. पंधरवड्यातच तीनशे झाले, तरी ठिपका थांबेना. नकाशावर तो शहरं मागे टाकत, नद्या ओलांडत सुटला. फोनने त्यांना 'हिमबिबट्या' असा किताब दिला. शाळेतल्या बाईंनी वर्गात त्यांचं उदाहरण दिलं. आठशे स्पर्धकांत मास्तर पहिले!

पोस्टमनला मात्र राहवेना. "मास्तर, तुम्ही धावता कधी?"

"पहाटे."

"पहाटे तर मीही धावतो. कधी दिसला नाहीत."

"तुम्ही मागे असता ना," मास्तर म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले.

छत्तिसाव्या दिवशी ताईने कपाटातून काहीतरी शोधताना बुटांचं खोकं काढलं. बूट उलटे करून पाहिले. मग ते हातात घेऊन भिंतीला धरत धरत दुकानात आली आणि कापायच्या टेबलावर, खडूच्या शेजारी, तळ वर करून ठेवले.

"सातशे किलोमीटर धावलास म्हणे."

"हो... म्हणजे..."

"यांचे तळ माझ्या ताटापेक्षा स्वच्छ आहेत."

मास्तरांचे पाय थांबले. ताईने खाली वाकून पाहिलं. घोट्यावरचा पट्टा निळा डोळा मिचकावत होता. ताईला आधी हसू आलं, चांगलं खांदे हलेपर्यंत आलं. मास्तरही हसले. मग तिचं थांबलं आणि त्यांचं एकट्याचंच चालू राहिलं.

"हसतोस काय? मॅनेजरनी एकदा सोंगटी बोटाने सरकवली, तर मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. आणि आता मी खोट्या लिफ्टने वर जाऊ त्यांच्याशी खेळायला? बसवून घ्या तुम्ही लिफ्ट. मी तिच्यात पाय ठेवणार नाही."

आता आली का पंचाईत! गप्प बसावं तर लिफ्ट मिळणार पण ताई वर जाणार नाही. बोलावं तर संघ बाद, लिफ्टच नाही. मास्तरांनी अर्धा तास एकच बटण तीनदा लावलं आणि तीनदा उसवलं. मग भाचीकडून आयोजक बाईंचा नंबर घेतला.

"बाई, तुमचा तो पहिल्या नंबरचा गडी आहे ना, तो बसलेला आहे."

"बसलेला म्हणजे? थकलेत का?"

"नाही हो. मशीनवर बसलाय. शिलाईच्या."

मास्तरांनी सगळं सांगितलं. पलीकडे कुणीतरी फोनवर हात दाबून हसतंय असं ऐकू आलं. बाई म्हणाल्या, "विचारून सांगते." तासाभराने फोन आला.

"आम्ही पकडलं असतं तर संघ बादच होता. तुम्ही स्वतः सांगितलंत, म्हणून एक संधी. तुमचा आकडा शून्य. चोवीस दिवस उरलेत, तीनशे पुरे करा. पट्टा मनगटावर. आणि मास्तर, मशीनवर बसताना तो खुंटीला टांगायचा!"

रोजचे साडेबारा किलोमीटर. मास्तर बूट घालून निघाले आणि तासाभरात परत आले. "नुसतं कुठं चालायचं? रस्ता संपतच नाही आणि पोहोचायला ठिकाणच नाही. माणूस वेडा व्हायचा."

ताईने भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. 'उद्या या'च्या गाठोड्यांनी ती मधोमध वाकली होती. "एवढी ठिकाणं पडलीत की तुझी. ऊठ, एकेक शिव आणि देऊन ये. काजं-बटणं माझ्याकडे दे."

आणि मास्तर निघाले. सकाळी शिवण, दुपारपासून बगलेत गाठोडी आणि पायी घरपोच. पहिलं दार एका जुन्या हेडमास्तरांचं. त्यांनी दार उघडलं, हातात पँट घेतलेले मास्तर पाहिले आणि घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही. तुमची पँट झाली."

हेडमास्तर खुर्ची धरून खाली बसले. पुढे एका घरी कपडे टाकणारी माणसं घर बदलून गेली होती. नवा पत्ता सात किलोमीटरवर निघाला, आणि मास्तरांना एवढा आनंद झाला की घरातल्या बाईंनी त्यांना पाणी दिलं. कुणाचं पोट सुटलेलं असे, कुणाचा खांदा उतरलेला. जिथं माप चुके तिथं मास्तरांचा चेहरा उजळे. "ढिली करून आणतो हां. परत एक फेरी!" गिऱ्हाइकं चक्रावली. मास्तर बदलले, की मास्तरांच्या जागी दुसरंच कुणी आलंय?

पण पाय बदलले नव्हते. नवव्या दिवशी टाचांना फोड आले, सोळाव्या दिवशी ते फुटले. थंडी अशी, की बोटांना दारावरची घंटासुद्धा कळेना. ताई गरम पाण्याचं घमेलं पुढे सरकवी आणि म्हणे, "कसा आहे बर्फाचा डोंगर?" मास्तर फोड भिजवत दुसऱ्या दिवशीच्या गाठोड्यांचे पत्ते लावत. बेकरीवाल्याने आता टोमणे सोडले होते. तो दारातून दोन गरम पाव त्यांच्या खिशात कोंबायचा आणि दुसरीकडे बघायचा.

बाकी चौघांचे तीनशे पुरे झाले होते; मास्तरांचे साठाव्या दिवशी सकाळी बारा किलोमीटर उरले. संध्याकाळी सहाला खेळ बंद. आणि मास्तरांनी वर पाहिलं, तर फळी रिकामी! एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच. मास्तर स्टुलावर बसले. "संपलं ताई. आता जायला दारच उरलं नाही. आणि पायांत नुसतं फिरायचा जीव नाही."

"माझा कोट?" ताई म्हणाली.

मास्तर चपापले. तीन हिवाळ्यांपूर्वी ताईने लोकरी कापड दिलं होतं. कापून ठेवलेलं, पेटीच्या तळाशी. घरचं गिऱ्हाईक, त्याला तर 'उद्या या' म्हणायचीही गरज पडली नव्हती. ते कापड काढून मशीनवर बसले. पट्टा खुंटीला. अस्तर, बाह्या, कॉलर. दीड वाजता मान वर केली तर ताई घरात नाही. बेकरीवाला दारात उभा.

"भाची त्यांना रिक्षातून केंद्रावर घेऊन गेली. जिन्याखाली बसल्यात. निरोप आहे, कोट तिथंच आणून द्यायचा, चालत."

चार किलोमीटर. खुंटीवरचा पट्टा मनगटावर चढवून, फोडांवरून चालत मास्तर पोहोचले. जिन्याखालच्या बाकावर ताई बसली होती. तिने कोट घातला, हात पुढे केला, मागे केला.

"बाही लांब आहे."

"ताई, माप तुझंच आहे."

"मग मी खोटं बोलते का?"

"थांब, सुई आहे खिशात, इथंच आत घेतो."

"जिन्यात टाचलेला कोट मी घालत नाही. मशीनवर कर आणि आण."

भाची भिंतीवरची नोटीस फार मन लावून वाचत होती. मास्तर तोंडातल्या तोंडात पुटपुटत परत चार किलोमीटर आले. दुकानात बाही पसरली, टेप लावला. दोऱ्याइतकाही फरक नव्हता. पुन्हा लावला, तरी तेच. मग त्यांनी मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं. चार उरले होते.

मास्तर बाहीकडे बघत बसले. मग हळूच हसले. त्यांनी बाहीला हातही लावला नाही, फक्त कडक इस्त्री केली, कोट घडी घातला आणि निघाले. शेवटचा अर्धा किलोमीटर उरला तेव्हा सहाला पाच कमी होते. तेव्हा मास्तर धावले. बगलेत कोट, गळ्यात टेप, पांढऱ्या बुटांचे काळेकुट्ट झालेले तळ मागच्यांना दाखवत, चक्क धावले. केंद्राच्या दारात पाय टाकला आणि पट्टा थरथरला. तीनशे.

ताईने कोट घातला. हात पुढे केला, मागे केला.

"आता बरोबर. किती कमी केलीस?"

"तू सांगितलीस तेवढीच," मास्तर धापा टाकत म्हणाले.

दोघंही गंभीर चेहऱ्याने एकमेकांकडे बघत राहिली. आधी भाचीला हसू फुटलं.

लिफ्ट बसली तोवर ऊन तापायला लागलं होतं, तरी पहिल्या दिवशी ताई कोट घालूनच गेली. मास्तर तिच्यामागून आत शिरायला गेले, तर तिने हात आडवा केला.

"तू कुठं? तुझे पाय आता तयार झालेत. जिन्याने ये."

मास्तर सव्वीस पायऱ्या चढून वर पोहोचेपर्यंत ताईने मॅनेजरांच्या नाकासमोरून राणी घेतली होती.

दुकानातली फळी पुन्हा हळूहळू भरू लागली आहे. पण मास्तर आता गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणत नाहीत. गोड हसून सांगतात, "तुम्ही कशाला येता? मीच उद्या आणून देतो." हा उद्या कधी उजाडणार, हे मात्र अजून त्यांनाही ठाऊक नाही.