लाल दिवा

विकास नगरातल्या आमच्या कारखान्यात सलाइनचे पंप बनतात. पंप चालू होताना आतला प्रोग्राम आमच्याच डिजिटल सहीचा आहे ना, हे आधी तपासतो. सही जुळली नाही तर अडून बसतो. त्या सहीची चावी, पेनड्राइव्हएवढी, आमच्याच विभागातल्या, अकोल्याच्या एका गृहस्थांकडे असे. चष्म्याच्या डबीत.

सही झाली की आम्हाला माल पाठवायची घाई. ते मात्र सही केलेल्या प्रोग्रामातलं एकच अक्षर मुद्दाम बदलून तो पंपात भरत आणि हात मागे बांधून उभे राहत. लाल दिवा लागून पंप अडला की म्हणत, "अच्छा, ये ठीक है. चालू काय, कुठलंही मशीन होतं, मॅडम. त्याला नाही म्हणता येतं का, ते बघायचं."

मला त्याचा वैताग यायचा. एकदा दिवा हिरवा लागला. चाचणीसाठी सहीची तपासणी मीच बंद केली होती आणि परत चालू करायला विसरले होते. बाहेर पंप इस्पितळांसाठी खोक्यांत भरले जात होते. त्यांनी तो पंप उचलून माझ्या टेबलावर ठेवला, एवढंच.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझी नवी चावी लागू केली आणि स्वतःची रद्द. मग गळ्यातल्या हारासकट त्या जुन्या चावीनेच एक सही केली, प्रोग्राम पंपात भरला आणि हात मागे बांधून उभे राहिले.

लाल दिवा लागला.

"अच्छा, ये ठीक है," ते म्हणाले आणि चष्मा काढून डबीत ठेवला. त्या डबीत चष्मा मी पहिल्यांदाच बघितला.