खड्ड्याला पाणी पाजणारी बाई

ती घटना आठवली की आजही जेवताना मिठाकडे गेलेला माझा हात थबकतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरचा मे महिना, आणि मी जरीपटक्याच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. वस्तीतला एक वायरमन कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून जागीच गेला. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला, अपघात म्हणून कागद बंद व्हायच्या बेतात होते.

तेवढ्यात त्याचा शेजारी ठाण्यात आला. खुर्ची दिली तरी बसेना.

"साहेब, त्याची बायको करणी करून राहिली. परसात खड्डा हाय. रोज दिवेलागणीले त्यात मीठ टाकते, पाणी पाजते. नवरा गेला तरी थांबली नाही. सासूनं सोता पाह्यलं."

करणी-बिरणी मी मानत नाही. पण अशी कुजबुज सुरू झाली की बाईचा जीव जायला वेळ लागत नाही, हे नोकरीत पाहिलं होतं. हवालदाराला घेऊन त्याच संध्याकाळी निघालो.

कुंपणापाशी वस्ती गोळा झाली होती. परसात ती बाई, जेमतेम पंचविशीची, खड्ड्यावर वाकलेली. तिनं मूठभर मीठ टाकलं, वर कळशी रिती केली. तापलेली माती चुरचुरली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, खोटं कशाला सांगू!

"बाई, हे काय करता?"

"त्यायनं सांगितलं."

"कोणी?"

तिनं घरातल्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. "रोज पाज म्हणाले. सुकू देऊ नको म्हणाले."

"आयकलं का साहेब?" सासू किंचाळली. "इनंच खाल्लं माह्या पोराले!"

बाईमाणसाला ठाण्यात नेणं मला कधीच पटलं नाही. तिथेच ओट्यावर बसवून विचारपूस केली. दटावलं की माणूस मिटतो. पाण्याचा पेला पुढे केला की बोलतो. तिच्या तोंडून हळूहळू निघालं. खड्डा नवऱ्यानंच खणला होता, अर्थिंगचा. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर तारेवाटे इथे जमिनीत जावा म्हणून. कोळसा आणि मीठ भरून ओल राखायची, हे वायरमनचं नेहमीचं काम. ती बिचारी नेमानं करत होती.

मग माणूस मेला कसा?

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि विद्युत निरीक्षकांना बोलावून खड्डा उकरला. कोळसा निघाला, मीठ निघालं. कूलरकडून आलेली तार खाली नुसती लोंबत होती. तिच्या टोकाशी पांढरी भुकटी.

"राख! राख हाय!" लोक मागे सरले.

निरीक्षकांनी भुकटी बोटांत चोळली. "इथे तांब्याचा पत्रा हवा होता. यानं अॅल्युमिनियम पुरलं."

तेव्हा तांबं मिळता मिळत नव्हतं. घरोघरी अॅल्युमिनियमच्याच तारा, आणि भिंतीवर त्या चालतातही. पण मिठाच्या ओल्या मातीत अॅल्युमिनियम विरून जातं. तांबं वर्षानुवर्षं टिकलं असतं. पत्राच उरला नाही, तेव्हा करंटला जमिनीची वाट राहिली नाही. तो कूलरच्या अंगात थांबून राहिला.

मी सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात सांगितलं, करणी वगैरे काही नाही, धातू चुकीचा निवडला. लोक पांगू लागले. मनात म्हटलं, सुटली बिचारी.

"साहेब," ती म्हणाली, "पत्रा मिठानं खाल्ला ना?"

मी होकारार्थी मान हलवली. नाही कसं म्हणणार?

"अन् मीठ मी टाकत होती. मंग सासूबाई खोटं नाही बोलत."

अरे देवा! तांबं असतं तर मिठानं काही बिघडलं नसतं, असं मी पुटपुटलो. तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

सासू उठली. मारते की काय म्हणून मी मध्ये गेलो. म्हातारीनं मला बाजूला सारलं आणि सुनेचे दोन्ही हात घट्ट धरले.

"चूप वं! चुकलं ते माह्या पोराचं. पत्रा त्यानं पुरला. तू त्याचं आयकलं, बस." आणि तिथेच मातीत बसून ती हंबरडा फोडून रडली.

गुन्हा घडलेला नाही असं मी अहवालात लिहिलं. पोलिसाचं काम तिथे संपतं. पण त्या पोरीला पुढे जगायला जो शब्द हवा होता, तो माझ्या पंचनाम्यात नव्हता. तो त्या म्हातारीकडेच होता, आणि तो देण्यासाठी तिला आपल्या मेलेल्या पोराला दोषी ठरवावं लागलं.