देरिओचे कान

आमच्या शेजारच्या देरिओला आपल्या मोटरसायकलचा भारी माज. दर रविवारी आमच्या इटलीतल्या फाएन्झा शहराच्या वरच्या डोंगरात तो ती पळवायचा, आणि आवाज सगळ्या खोऱ्याला ऐकू जावा म्हणून सायलेन्सरच्या आतलं सामान त्याने स्वतःच काढून फेकलं होतं. याला तो मर्दपणा म्हणायचा. त्याच्यासोबत मोटरसायकलवर फिरणारा मित्र गास्पारे हेल्मेट चढवण्याआधी कानात फोमचे बोळे घालायचा. देरिओ भर बारमध्ये त्याला विचारायचा, "काय रे, आईने सांगितलंय वाटतं, कानाला वारं लागू देऊ नकोस म्हणून?" सगळे हसायचे. गास्पारे बोळे घालतच राहिला.

पन्नाशीत देरिओच्या कानात शिट्टी वाजू लागली. मग बायकांचं बोलणं कळेना. दोष अर्थातच बायकांचा. त्याची बायको इल्वा म्हणे तोंडातल्या तोंडात बोलते. शेवटी तिनेच त्याला ओढून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी समजावलं, की नुसत्या इंजिनाने नव्हे, हेल्मेटभोवती घोंघावणाऱ्या वाऱ्यानेही कान जातात आणि गेलेले परत येत नाहीत; पण कानाला ऐकायचं यंत्र लावलं तर बोलणं बरंचसं कळेल. हा म्हणाला, यंत्र म्हाताऱ्यांना. पोट सुटलेलं, अंगात लाल चामड्याचा सूट, आणि म्हातारे कोण, तर दुसरे.

ऑक्टोबरात इल्वा वाईन आणायला तळघरात उतरली आणि पायरीवरून घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती हाका मारत राहिली. हा बरोबर तिच्या डोक्यावरच्या खोलीत टीव्हीवर शर्यत बघत बसलेला. अंगणापलीकडे कपडे वाळत घालताना मला ऐकू आलं. मी धावत आत शिरले, तर मला बघून म्हणतो, "ये, बस. इल्वा खाली गेलीय, येईलच एवढ्यात."

अँब्युलन्समध्ये चढवताना तो तिला म्हणाला, "जरा मोठ्याने ओरडायचं होतंस."

तिने तोंड फिरवलं.

हिवाळा सरल्यावर ती काठी टेकत घरी आली. यंत्र त्याने अजून घेतलेलं नाही. इल्वा त्याच्याशी बोलतच नाही आता. ताट त्याच्यापुढे ठेवते आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसते. इथे मात्र पोटभर बोलते, हसतेही. देरिओ बारमध्ये सांगतो, बायको आता शहाणी झालीय, पूर्वीसारखी कटकट करत नाही.