उंदराच्या पेशींचं खोकं

मी चौथीपर्यंत शिकलो. सगळं आयुष्य चोपड्याकडे केळी खोक्यांत भरण्यात गेलं. त्यामुळे खोक्यातलं मला कळतं असा माझा समज. त्यानंच घात केला.

बायको जाऊन वर्ष झालं. शेवटी ती मलाही विसरली होती. "हा कोण माणूस घरात?" असं मुलीला विचारायची. मुलगी प्रयोगशाळेत आहे. उंदीर मारून त्याच्या मेंदूच्या पेशी काचेच्या ताटलीत वाढवते, त्यातून आरएनए काढते. आरएनए म्हणजे पेशीनं लिहिलेली चिठ्ठी, असं ती मला सांगते. काही चिठ्ठ्या गोल असतात, दोन्ही टोकं जुळलेल्या. मेंदूत त्या जास्त. त्यांची अक्षरं क्रमानं वाचायची, हे तिचं काम. "यातून आईच्या आजाराचं कळेल का?" विचारलं तर म्हणते, "लगेच नाही, आबा."

आईच्या वर्षश्राद्धाऐवजीच्या पुण्यानुमोदनाला ती थर्माकोलचं खोकं घेऊनच आली. आत काय ते मला नंतर कळलं: कोरडा बर्फ, त्यात आरएनएच्या बारा बारक्या नळ्या. दीड वर्षाची मेहनत. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सुरतेच्या प्रयोगशाळेत वाचायला द्यायच्या होत्या. "हात लावू नका," एवढं बजावलं.

सकाळी बुद्धवंदनेला माणसं जमली. कोपऱ्यातल्या खोक्याच्या फटीतून वाफ निघत होती. मला वाटलं, आत गरम होतंय. केळी अशी कोंडली की आतल्या आत पिकून काळी पडतात. मी पेचकस घेतला, चारी बाजूंनी भोकं पाडली, झाकण तिरपं केलं आणि खोकं पंख्याखाली ठेवलं. पोरीचा माल वाचवला म्हणून खूशही झालो.

जेवणं उरकली आणि ती ओरडली, "आबा, हाई काय कयं तुम्ही!"

बर्फ मूठभर उरला होता. उबेनं आरएनए तुटतो म्हणे. गोल असलेला चिवट, त्याला कुरतडायला टोक सापडत नाही, पण तोही किती टिकेल? घरचा फ्रीज चालणार नाही. असा बर्फ गावात मिळणार नाही. ती भिंतीला टेकून बसली. तिच्या आईला वाचवता आलं नाही, आता लेकीचंही मीच घालवलं, एवढंच डोक्यात.

मग म्हैस भरवायला, गाभण करायला, नेली होती ते आठवलं. जनावरांच्या दवाखान्यात रेड्याच्या रेताच्या कांड्यांचा डबा असतो. उघडला की असाच धूर निघतो. तिला सांगितलं.

"लिक्विड नायट्रोजन! तो तर यापेक्षा थंड. उठा, चला!"

दवाखान्यातला माणूस नळ्या बघून म्हणाला, "आबा, उंदीरले रेडाना बाजूले ठेऊ का?"

"ठेव ना भाऊ लवकर," मी म्हटलं. "मस्करी मग कर."

दुसऱ्या दिवशी त्याचाच छोटा डबा मागून घेऊन ती सुरतेला गेली.

पुढं दोन आठवडे मी फोन हातातून सोडला नाही. अंघोळीला गेलो तरी दाराशी ठेवायचो. शेवटी वाजला.

"आबा, आठ चांगल्या निघाल्या. चार गेल्या."

"माझ्यामुळे."

"हो, तुमच्यामुळे. तेवढं पुन्हा करावं लागेल."

"म्हणजे पुन्हा उंदरं मारायची?"

"हो."

मी फोन कानापासून काढला नाही. तिनंही फोन ठेवला नाही.