पसंतीच्या नंबरांची खिडकी

माझा मामा गाड्यांच्या नोंदणी कचेरीत कारकून होता. सरळ माणूस. इतका सरळ, की घरच्यांनाच त्याची धास्ती. खिडकीतून कागद आत आला की वहीतला पुढचा नंबर त्या गाडीला, मग ती कोणाची का असेना. 'नंबर ओळीनं' हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

लोक मात्र हुशार. कागद घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसायचे, आत कितवा नंबर चाललाय याची चौकशी करायचे आणि हवा तो आला की बरोबर खिडकीशी हजर. कोणाला लग्नाची तारीख हवी, कोणाला जुन्या घराचा नंबर. मामा चरफडायचा. त्याच्या मते ही चक्क लबाडी होती.

माझे बाबा बस कंडक्टर. बिल्ला नंबर सत्तावीसशे सोळा. सुट्टे परत दिले नाहीत म्हणून आईनं एकदा त्या नंबरावर तक्रार ठोकली होती, आणि पुढं त्याच माणसाशी लग्न केलं. 'काय हो सत्तावीस-सोळा, जेवायला येताय ना?' ही हाक ऐकतच मी मोठी झाले. बाबा गेले. बिल्ला कंपनीनं परत मागून घेतला. आईनं कपडे धुऊन पोचवायचा धंदा काढला आणि त्यासाठी एक छोटी व्हॅन घेतली. तिला त्या व्हॅनवर बाबांचा नंबर हवा होता. बाकी काही नको होतं.

पायऱ्यांवर बसायचं असतं हे तिला कुठं ठाऊक? आत भाऊच आहे म्हणून ती थेट खिडकीशी गेली आणि कागद दिले. चालू होता सत्तावीसशे नऊ. कागद दोन दिवस बाजूला ठेव, सातच गाड्या पुढं जाऊ दे, असं तिनं परोपरीनं विनवलं. मामानं मान वर केली नाही.

"ताई, कागद आत आलाय. आता नंबर ओळीनं."

आणि त्यानं नऊ लिहिला. मी तिथंच उभी होते. त्या दिवशी मामा माझ्या मनातून उतरला तो उतरलाच. आई भांडली नाही. तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

दोन वर्षांनी पायऱ्यांवरची गर्दी बघून साहेबांनी नवीच टूम काढली. फॉर्म भरा, हवा तो नंबर घ्या. त्या खिडकीवर बसवलं कोणाला, तर आमच्या मामाला. जन्मभर ज्याला लबाडी म्हणाला, त्यावर आता शिक्के मारत बसला बापडा.

एका सकाळी तो घरी आला. चुकलं म्हणाला. फॉर्म त्यानं स्वतःच भरून आणला होता, नंबराची जागा तेवढी कोरी. तो जुना कोणाला तरी गेला, दुसरा कुठलाही सांग, असं म्हणून पेन उघडून बसला. 

तेवढ्यात कचऱ्याच्या गाडीची शिट्टी झाली. आई बादली आणि ओलं फडकं घेऊन बाहेर गेली. फडकं कशाला ते मला माहीत होतं, मामाला नव्हतं. तो मागोमाग आला.

बादली रिकामी करून तिनं ती त्याच्या हातात दिली आणि गाडीच्या मागच्या पाटीवरचा चिखल पुसायला लागली, चारही आकडे नीट दिसेपर्यंत. ड्रायव्हर सवयीनं थांबून राहिला होता. सत्तावीसशे सोळा. मामानंच दिलेला, ओळीनं.

"रोज येतात. अगदी वेळेवर," आई म्हणाली. दोन वर्षांत त्याच्याशी पहिल्यांदाच. "तुझा फॉर्म राहू दे."

गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी मामानं बादली खाली ठेवली नाही.