चार मिनिटं उरली होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं काही तिच्यापासून लपत नाही, अशी तिची खात्री आहे. तुम्हाला सांगतोय. का, ते मला विचारू नका.

सत्तरच्या दशकात कोल्हापुरात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट — पोटापुरतं चालायचं. पण मला खाज वेगळीच. अमावास्येच्या रात्री डोंगराचा फोटो काढायचा, शटर अर्धा तास उघडं ठेवून — खाली डोंगर आणि वर ताऱ्यांच्या लांबच लांब रेषा. ऐकून लोक हसायचे. दस्तगीर हसला नाही. तो माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि स्टुडिओतल्या डार्करूमचा खरा धनी. प्रिंट काढावी तर त्यानंच.

एका थंडीत आम्ही मोटारसायकलवरून गगनबावड्याला गेलो. रस्ता सोडून बरंच वर चढलो, खडकावर कॅमेरा लावला. नियम एकच — उजेड नको. घाटात ट्रक आला की लेन्ससमोर टोपी धरायची, तो वळणाआड गेला की काढायची. पण टोपी धरली तेवढ्या वेळात ताऱ्यांची रेष तुटते. त्या रात्री नशीब असं, की एकही ट्रक आला नव्हता.

मला खोकला झाला होता. गाडीला बांधलेलं घोंगडं आणायला दस्तगीर उठला. बॅटरी एकच होती. "तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "वर येताना हाक मारतो, तवा मार म्हंजे झालं." आणि चाचपडत उतरला — माझ्यासाठी, माझ्या फोटोसाठी.

थोड्या वेळानं हाक आली. "दत्ता, बॅटरी मार की! वाट दिसंना झालीया."

मी घड्याळाचे रेडियमचे काटे पाहिले. चार मिनिटं उरली होती. फक्त चार! बॅटरी माझ्या हातात, अंगठा बटणावर. येईल की हळूहळू, म्हटलं, लहान आहे का तो? मी ओसुद्धा दिली नाही. ओ दिली असती तर बॅटरी का लावत नाही, हेही सांगावं लागलं असतं — नाही का?

पुन्हा हाक आली. मी काट्यांवरची नजर काढली नाही. मग दगड घरंगळले, आणि दस्तगीर ओरडला.

आता जे सांगायचं ते हे. तेव्हाही मी आधी बॅटरी लावली नाही. आधी लेन्ससमोर टोपी धरली — नीट, कडेनं उजेड शिरू नये अशी — आणि मग बॅटरी लावली. म्हणजे टोपी धरता येत होती. पहिल्या हाकेलाही येत होती. हे मला सुचलं नव्हतं का? चांगलं सुचलं होतं. रेष तुटू द्यायची नव्हती, एवढंच.

त्याचा गुडघा फुटला होता. "हाक मारत हुतो की रं," तो कण्हत म्हणाला.

"सेल गेलते," मी म्हणालो. "आत्ता हापटली तवा लागली." किती सहज आलं ते तोंडातून! अजून लाज वाटते.

तो पाय पुन्हा कधी वाकला नाही. फोटोची प्रिंट त्यानंच काढली, एका पायावर भार देऊन, दिवसभर खपून. रेषा अखंड आल्या होत्या. तीनेक मिनिटांनी आखूड — ते कुणाला कळतंय? दर्शनी भिंतीवर लावला, लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. मी ते घेतलं.

गिऱ्हाइकांनी पायाचं विचारलं की दस्तगीरच सांगायचा, "सेल दगा देऊन गेलं की ऐन वक्ताला. ह्यो बिचारा अंधारात ठेचकाळत आला माझ्यापातूर." मी काउंटरपाशी उभा असायचो. मान डोलवायचो.

दस्तगीर गेला तेव्हा त्याच्या मुलानं माझे दोन्ही हात धरले. "अब्बा कायम सांगायचं, काका. तुमी हुता म्हणून त्या रात्री वाचलो म्हणायचं."

मी तिथंही मान डोलवली.