जाळ्याच्या दोऱ्याचं तोरण

नवऱ्याच्या घरून परत आले तेव्हा माझ्या ट्रंकेत तीन लुगडी, एक क्रोशाची सुई आणि दोऱ्याची आठ-दहा रिळं होती. नवऱ्याने मुंबईत दुसरं बिऱ्हाड थाटलं होतं. एके दिवशी त्याने मला "चार दिवस माहेरी राहून ये" म्हणत रेवदंड्याच्या बोटीत बसवून दिलं. त्या चार दिवसांची चार वर्षं झाली. रडून झालं, मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या, पण सुई मी हातातून सोडली नाही. चाळीतल्या एका शेजारणीने मला ती धरायला शिकवली होती. त्या लग्नातून माझ्या पदरात पडलेली धड गोष्ट एवढीच.

दादाचं घर वाडीत होतं, नारळी-पोफळींच्या मधोमध. त्या घरात मी विणायचं म्हणून काही शिल्लक ठेवलं नव्हतं. दुधाच्या पातेल्यावर कडेने मणी लावलेली जाळी, कंदिलाखाली गोल रुमाल, तांब्याखाली छोटा रुमाल, देवापुढच्या पाटाला झालर, शेजारपाजारच्या बारशांना टोपडी. पोपटाच्या पिंजऱ्यालासुद्धा मी झालर लावली होती, ती त्याने दोन दिवसांत कुरतडून टाकली. दादा आल्यागेल्याला सांगायचा, "आता फक्त विहिरीला रुमाल घालायचा राहिलाय." सगळे हसायचे, मीही हसायची.

दादा वाईट नव्हता, आणि वहिनीही नव्हती. पण डोक्याला तेल हवं तरी मला मागावं लागे. वहिनी कधी नाही म्हणाली नाही, पण मागावं लागे. पाहुण्यांनी माझ्याविषयी विचारलं की दादा आवाज उतरवून म्हणे, "बहीण असते आमच्याकडे." ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी चोवीस वर्षांची होते, हातीपायी धड होते, आणि उरलेलं आयुष्य असंच 'आमच्याकडे असण्यात' जाणार हे मला दिसत होतं.

अशात बातमी आली की अलिबागेला स्वदेशी वस्तूंचं प्रदर्शन भरणार. सन तीसच्या आगेमागेचे ते दिवस, गावोगाव खादीचं वारं होतं. मला खादीशी फारसं देणंघेणं नव्हतं, हे कबूल करते. मला कान टवकारायला लावलं ते पुढच्या वाक्याने. आमच्या रेवदंड्याच्या मुलींच्या शाळेत विणकामाचा वर्ग सुरू व्हायचा होता, आणि तिथे शिकवणारी बाई प्रदर्शनात आलेल्या कामांवरून निवडणार होते. पगार मिळणार होता. ती जागा मला हवी होती. इतकं मला त्याआधी काहीच हवंसं वाटलं नव्हतं, लग्नसुद्धा नाही.

मी दारावरचं तोरण विणायला घेतलं, चौकटींच्या जाळीचं. त्यात काही घरं खांबांनी, म्हणजे उभ्या टाक्यांनी, भरायची, काही रिकामी सोडायची, की भरलेल्या घरांतून अक्षरं उमटतात. दादाच्या जुन्या वहीत रेघा मारून मी आधी अक्षरं बसवली. 'स्वदेशी वापरा' असं लिहायचं ठरवलं. शिरोरेघ सोपी, भरलेल्या घरांची नुसती ओळ. घाम काढला तो पहिल्याच जोडाक्षराने, तीन वेळा उसवलं तेव्हा कुठे ते वाचता यायला लागलं. राखून ठेवलेलं सगळ्यात तलम, सगळ्यात पांढरं रीळ मी त्यासाठी काढलं होतं. महिनाभर विणत होते. तोरण झालं तेव्हा वहिनीने तोंडात बोट घातलं.

प्रदर्शनाला आठ दिवस होते तेव्हा दादाबरोबर बैलगाडीने अलिबागेला गेले. प्रदर्शन एका वकिलांच्या वाड्यात भरायचं होतं; वस्तू त्यांच्याच ओटीवर घेत होते आणि निवड वकिलीणबाईंच्या हातात होती. बाई गोऱ्या, उंच, खादीच्या पांढऱ्या लुगड्यातल्या. शेजारी दोन-तीन टोपीवाले गृहस्थ बसले होते. बाईंनी तोरण उलगडलं आणि म्हणाल्या, "वा! काय सफाई आहे हो!" माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी टोकाचा दोरा बोटांत धरून चोळला.

"दोरा कुठला?"

"दुकानातला," मी म्हटलं.

"दुकान नाही विचारलं. कुठल्या देशातला?"

मी पिशवीतून उरलेलं रीळ काढून त्यांच्या हातात दिलं. मोठ्या दिमाखात दिलं, कारण माल उत्तम होता. त्याच्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरं होती. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, ते त्या गृहस्थांना येत होतं. त्यांच्यातल्या एकाने मोठ्याने वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "स्वदेशी वापरा! आणि दोरा मँचेस्टरचा!"

ओटी हसून हसून लोळायची बाकी राहिली. दादासुद्धा हसला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. कुठलीही शहाणी बाई तोरण गुंडाळून खाली मान घालून पायरी उतरली असती. पण लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना दोष. माझं लक्ष बाईंच्या बाहीकडे गेलं.

"बाई," मी म्हटलं, "तुमच्या पोलक्याला लेस लावली आहे, ती कुठली?"

हसणं तिथल्या तिथे थांबलं. दादाने माझा दंड धरला. बाईंनी आपल्या बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे कान लाल झाले होते.

"प्रदर्शन पुढच्या रविवारी आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "शनिवारपर्यंत वस्तू घेऊ."

परतीच्या वाटेवर चौल लागलं. तेव्हा दादा म्हणाला, "गेलं ते. वकिलाच्या बायकोला असं बोलतात?" मलाही वाटलं, गेलं. पण बाईंनी शनिवार म्हटलं होतं, आणि मी तो शनिवार घट्ट धरून बसले.

गावात चरखा चालवणारे एक मास्तर होते. त्यांच्याकडून सूत आणलं. ते एकेरी, कुठे जाड कुठे केसासारखं, दर तिसऱ्या खांबाला तुटायचं. गाठी मारून मारून दोन दिवसांत वीतभर झालं आणि ते वीतभरही गोगलगाय चालल्यासारखं वाकडं. मी ते अंगणात भिरकावून दिलं आणि ओट्यावर बसून ढसाढसा रडले.

त्याच वेळी आमची नेहमीची कोळीण मावशी टोपली घेऊन दारात आली. साठीची बाई, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. तिने टोपली उतरवली, माझ्याकडे पाहिलं, अंगणातलं वाकडं सूत उचललं.

"ह्याच्यासाठी रडतेस व्हय? ह्याला पीळ न्हाय. पीळ न्हाय त्ये सूत कसलं?"

"मग पीळ असलेलं कुठून आणू, मावशी? दुकानातलं सगळं विलायती."

"दुकानात कशाला मरायला जातेस? आमी जाळी कशाची करतो, सायबाच्या रिळाची?" तिने कमरेच्या गाठीतून दोरा काढला आणि माझ्या हातात ठेवला. "घे. तोडून दाव."

मी ओढला. बोट कापलं, दोरा तुटला नाही.

तो तागाचा दोरा होता. घाटावरून ताग यायचा, तो मावशी घरीच विंचरून चातीवर कातायची आणि दुहेरी पीळ द्यायची. मोठ्या जाळ्यांचा दोरा सुंभासारखा जाड, पण हाताने फेकायच्या लहान जाळ्याचा बारीक आणि एकसारखा असे, सुक्या गवताच्या रंगाचा. इतकी वर्षं आमच्या दारावरून तो रोज जात होता आणि मी माझ्या पांढऱ्या रिळांचं कौतुक करत बसले होते.

माझी पोलादी सुई त्याच्यापुढे चालेना. मावशीच्या नवऱ्याने जाळी विणायची बांबूची सुई घेतली, टोकाला खाच पाडली, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केली. दोरा जाड म्हणून घरंही मोठी झाली. दाराच्या रुंदीत दोन शब्द मावेनात. मी 'वापरा' काढून टाकलं. नुसतं 'स्वदेशी' राहिलं, पण एकेक अक्षर तळहाताएवढं. कोरडा ताग बोटं सोलायचा, म्हणून दोरा वाटीत भिजवून विणायचा. चौथ्या दिवशी माझ्या तर्जनीचं कातडं गेलं. वहिनीने स्वयंपाकातलं मला काहीही करू दिलं नाही, आणि संध्याकाळी न मागता माझ्या बोटांना खोबरेल लावलं. मला भरून आलं, पण ते मी तिला सांगितलं नाही, याची आजही चुटपुट लागते.

शनिवारी सकाळी शेवटचा खांब घातला. कडेला मण्यांच्या जागी मावशीने किनाऱ्यावरून वेचलेले बारके शंख टाकले. गाडी जोडली आणि मी मावशीलाही चढवलं. ती नको नको म्हणत होती. सूत कोणी कातलं असं विचारलं तर मी काय तुझा फोटो दाखवू, असं म्हटलं तेव्हा बसली.

वकिलीणबाई ओटीवरच होत्या. त्यांच्या बाहीची लेस गेली होती, उसवलेल्या टाक्यांच्या भोकांची रांग तेवढी दिसत होती. मी ती पाहिली आणि नजर काढून घेतली. तोरण उलगडून दोन्ही हातांनी समोर धरलं.

बाई उठून उभ्या राहिल्या. अक्षरांवरून बोट फिरवलं, मग एकदम नाकाला पदर लावला.

"हा कसला वास?"

"कसला?" मी विचारलं. अगदी खरं विचारलं. मला कसलाच वास येत नव्हता. घरात कोणालाच आला नव्हता, गाडीवानालाही नाही. तो दोरा वर्षभर मावशीच्या झोपडीत सुकटीच्या टोपलीशेजारी राहिला होता. आमची नाकं त्या हवेत वाढलेली, आम्हाला ते कळायचं कसं?

मावशी पायरीखालून म्हणाली, "समिंद्राचा हाय, बाई. धुतला तरी जायाचा न्हाय."

टोपीवाले पुन्हा हसायच्या बेतात होते. बाईंनी हात वर केला. "सूत तुम्ही कातलंत?"

"व्हय."

"तुमचं नाव सांगा, लिहून घेते."

"नाव कशाला? पोलीस येतील?" मावशी घाबरली. समोर मरीआई आली तरी न घाबरणारी बाई, पण कागदाला घाबरली. तिला समजावून नाव लिहून घेतलं. माझ्या नावाच्या वर लिहिलं, आणि ते योग्यच होतं.

"हे आत ठेवता येणार नाही," बाई तोरणाकडे पाहत म्हणाल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं. "आत टेबलं मांडली आहेत, वासाने कोणी थांबायचं नाही. हे बाहेर हवं, वाऱ्यावर. मोठ्या दाराला लावा."

आणि रविवारी ते तिथे लागलं. आतल्या टेबलांवर कितीतरी सुंदर कामं होती, माझ्यापेक्षा नाजूक. पण ती पाहायला जो आला तो माझ्या तोरणाखालून गेला. वकील गेले, मामलेदार कचेरीतले कारकून गेले, नऊवारीतल्या बायका गेल्या, शेंबडी पोरं गेली. पोरं उड्या मारून शंख खुळखुळवत होती. दादा चारदा आत गेला आणि चारदा बाहेर आला. मी आणि मावशी समोरच्या वडाखाली शेंगदाणे खात बसलो होतो आणि मी मान उंच करून सगळं पाहत होते. मला लाजबीज काही वाटत नव्हती. आनंदाने माझी छाती फुटायची वेळ आली होती.

दुपारनंतर मला ओटीवर बोलावलं. बाईंच्या शेजारच्या गृहस्थांनी घसा खाकरला. "काम उत्तम आहे. पण नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या हाताखाली मुली द्यायच्या म्हणजे..."

"वर्ग विणकामाचा आहे की नवऱ्यांचा?" मी म्हटलं.

त्यांनी टोपी सारखी केली. बाईंना हसू आवरलं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. म्हणाल्या, "नेमणुकीचं पत्र पोस्टाने येईल. पत्ता सांगा. मार्फत कोणाच्या लिहू?"

दादा पुढे सरकला. तो त्याचं नाव सांगणार होता, यात त्याचं काही चुकत नव्हतं. बाईमाणसाचं पत्र तसंच यायचं. माझी पत्रं आधी वडिलांच्या नावाने आली, मग नवऱ्याच्या, मग दादाच्या.

"मार्फत नको," मी म्हटलं. "नुसतं माझं नाव लिहा. मिळेल मला."

आठव्या दिवशी पोस्टमन वाडीच्या फाटकाशी उभा राहून ओरडला. पोफळींतून माझं नाव ऐकू आलं, पूर्ण, नुसतं माझं. मी परड्यात होते. दादा ओटीवरून उठून हात पुढे करत फाटकापाशी गेला.

"तुमचं न्हाय," पोस्टमन म्हणाला. "बाईंचं हाय. बाईंच्या हातात द्यायचंय."

मी हात पदराला पुसत गेले. दादा बाजूला झाला. पत्रात काय असणार ते मला ठाऊक होतं, तरी फाटकाशी उभ्या उभ्याच मी ते दोनदा वाचलं. मग दादाला वाचायला दिलं.